ताटाची डावी बाजू

विशाखा,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी अजून नीट रडलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. मी कॉलेजात जाते, मानसशास्त्राचे तास घेते, हजेरी मांडते, संध्याकाळी सात रस्त्यावरून भाजी घेऊन घरी येते. परवा मेथीची जुडी निवडून बाजूला काढली आणि ती तिथेच ठेवून चालू लागले. भाजीवालीनं मागून चार हाका मारल्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतेय. एवढं एक सोडलं तर सगळं ठीक चाललंय.

विहारातल्या मंडळींनी तुझ्यावर अर्धं पान मागितलं होतं. जन्म, शाळा, पाली, तैवान, अनुवाद असं लिहून दिलं. ते छापून येईल, लोक वाचतील, बरं लिहिलंय म्हणतील. हे त्यासाठी नाही. हे तुझ्या ठिपक्यांबद्दल आहे. तू माझ्याकडे तीनदा ते ठिपके मागितलेस आणि तिन्ही वेळा मी तुला खोटं सांगितलं. कबूल करायला मला आठ महिने मिळाले होते. झालं नाही.

हे दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही समजावं म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंच परत ऐकावं लागेल. माझ्या प्रबंधाचे मसुदे तू दहा-दहा वेळा ऐकलेस, त्यापुढे हे काहीच नाही.

वळसंगच्या धनगराच्या पोरीनं चिनी वाचनावर प्रबंध लिहावा, हा सगळा तुझा आगाऊपणा. आपण भेटलो ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एस.टी.त. मी वळसंगला बसायचे तेव्हा गाडीत जागा असायची, तू कुंभारीला चढायचीस तेव्हा नसायची. मी दप्तर ठेवून जागा धरायचे आणि तू आभार न मानता बसायचीस. तुझी आई विड्या वळायची. गाडीत बसलं की तुझ्या ओढणीला तंबाखूचा वास यायचा आणि माझ्या अंगाला मेंढरांचा, त्यामुळे पुढच्या सीटवरच्या मुली खिडकी उघडायच्या. तू मुद्दाम पुढे वाकून त्यांना वेळ विचारायचीस.

तू पाली घेतलंस. मग कुणाकडून तरी ऐकलंस की आपल्याकडे हरवलेले कितीतरी ग्रंथ चिनी भाषेत शिल्लक आहेत. झालं. "आपलीच पुस्तकं, आणि ती चिनीत जिवंत. मग चिनी शिकायला नको व्हय?" असं म्हणून तू खरंच शिकलीस, दोन वर्षं तैवानला राहून आलीस. तुझी आई, म्हणजे आमच्या मावशी, इथे एकट्या म्हणून परत सोलापूरला आलीस. दिवसा टॉवेलच्या कारखान्यांसाठी चिनी यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत करायचीस आणि पहाटे पाच ते सात आपला ग्रंथ घेऊन बसायचीस. रोज दोन ओळी. दोनाच्या तीन कधी केल्या नाहीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "गाडी धरायचीय का मला?"

मी तेव्हा प्रबंधाला विषय शोधत होते आणि सापडत नव्हता. तू म्हणालीस, "माझे डोळे घे." चिनीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. जुनी मोडी कशी एका दमात लिहिलेली असते, तसं. अक्षरामागे अक्षर. आता वाचताना डोळा काही घसरत जात नाही, तो उड्या मारतो. थांबतो, उडी, थांबतो, उडी. थांबला की त्याला मागचं एखादं आणि पुढची दोन-तीन अक्षरं नीट दिसतात, तेवढीच. तेवढ्या फटीतून शब्द कुठे संपला हे ठरवायचं आणि पुढची उडी कुठे पडावी तेही. मराठी वाचत वाढलेल्या माणसाला शब्दांमधल्या मोकळ्या जागेची सवय. त्याचा डोळा बिनफटीच्या ओळीत काय करतो, हा माझा विषय झाला. पुण्यातले चिनी शिकणारे काही जण तयार झाले, दोन-तीन कारखान्यांतले दुभाषी आले. पण प्रबंधाचं मूळ तू होतीस.

आणि भांडणही तूच. मी एकदा बोलून गेले की वाचणाऱ्याचा डोळा सगळ्या अक्षरांवर थांबत नाही, नेहमीची, सोपी अक्षरं तो सरळ ओलांडतो. तू भाकरीचा घास हातात धरून थांबलीस. "मी न्हाई ओलांडत."

"सगळेच ओलांडतात. तुझाही डोळा ओलांडतो. तुला कळत नाही इतकंच."

"माझ्या ग्रंथातलं एक अक्षर मी सोडत न्हाई, शाले. हजार वर्षं कुणीतरी ते जपलंय आणि मी सोडून देऊ?"

मी म्हणाले, हा श्रद्धेचा प्रश्न नाही, डोळ्यांच्या स्नायूंचा आहे. तू चिडलीस. स्नायूंचा म्हणे. त्यानंतर दोन वर्षं आपण हे भांडण पुरवून पुरवून खाल्लं.

एकदा तू वळसंगला आलीस तेव्हा माझ्या वडिलांना, आण्णांना, मध्ये घेतलंस. आमचे आण्णा शंभरावर मेंढरं चेहऱ्यावरून ओळखतात. तू विचारलंस, कसं ओळखता? कान बघता की रंग? आण्णांना प्रश्नच कळेना. "वळखायचं काय त्यात? दिसतंय की." तू माझ्याकडे असं बघितलंस, जशी काही केस जिंकलीस. "ऐकलंस? दिसतंय की. झाला तुझा प्रबंध." मी म्हणाले, नुसतं दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, त्या दोन्हींच्या मध्येच माझं सगळं काम आहे. किती रुबाबात म्हणाले होते ते.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तुझ्या डोळ्यांच्या उड्यांची यंत्रावर नोंद घ्यायची ठरली. कॉलेजच्या त्या अंधाऱ्या खोलीत, हनुवटी टेकायच्या पट्टीवर डोकं ठेवून तू बसलीस आणि म्हणालीस, न्हाव्याकडे आल्यासारखं वाटतंय. आधी यंत्राला डोळे ओळखू द्यावे लागतात. पडद्यावर एकेक करून नऊ ठिपके उमटतात, प्रत्येकाकडे बघायचं, मग यंत्र म्हणतं, जमलं. तुझं जमेना. उजवीकडचे ठिपके तू पटकन धरत होतीस. डावीकडचे उमटले की तू तशीच बसून राहायचीस, मग कुठूनतरी शोधत शोधत तिथे पोचायचीस. यंत्र नापास म्हणायचं.

मी काय केलं ते तुला आठवतं. मी तुला काजळ पुसून यायला सांगितलं. काजळानं आमच्या यंत्राचा गोंधळ होतो, हे खरं आहे, पुस्तकातही लिहिलेलं असतं. तू शाळेपासून काजळाशिवाय घराबाहेर पडलेली नाहीस. नळावर जाऊन पुसून आलीस. तरी जमेना. मी परत पाठवलं, साबण लावून धू म्हणाले. तिसऱ्यांदा तू आलीस तेव्हा डोळे लाल झाले होते आणि पापण्यांना पाणी होतं. तू म्हणालीस, "आता बुबुळ काढून ठेवू का टेबलावर?" मी हसले आणि चष्म्यावर बोट ठेवलं. काच बदलली असेल तुझी. मग दोनदा, चारदा करून कसंबसं यंत्राला पटवलं आणि तुला वाचायला बसवलं.

वाचलेल्याचा कागद निघतो तेव्हा मजकुरावर ठिपके असतात. डोळा जिथे थांबला तिथे ठिपका, जास्त थांबला तर मोठा ठिपका, आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाणारी बारीक रेघ. ओळ संपली की डोळा एका लांब उडीत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. सगळ्यांचा येतो. तुझा येत नव्हता. तुझी उडी ओळीच्या मध्यातच कुठेतरी पडायची. मग तिथून तीन-चार लहान लहान पावलांनी तू डावीकडे सरकत सुरुवातीला पोचायचीस. एका ओळीला नाही, प्रत्येक ओळीला.

मी तुला तेव्हाच दाखवलं, पडद्यावर, ओझरतं. "हे बघ, डावीकडे काहीतरी गडबड आहे."

तू लगेच उत्तर काढलंस. "माझं वाचन उभं आहे. तैवानची पुस्तकं वरून खाली, उजवीकडून सुरू. तू मला आडवं वाचायला लावतेस आणि वर नावं ठेवतेस."

आणि मला ते पटलं, विशाखा. पटलं काय, आवडलं. प्रबंधात एक नवीन मुद्दा म्हणून घालता येईल असंही क्षणभर वाटलं. मग वाटलं, नको, एवढ्या कच्च्या नोंदीवर काही बोलता येत नाही. वगळलेल्या नोंदींचा एक तक्ता असतो, त्यात तुझ्या क्रमांकापुढे मी लिहिलं, 'यंत्राची जुळणी सदोष'. एका मिनिटाचं काम. पण यंत्र खरंच सरकलं असतं तर सगळी ओळच सरकली असती. तुझ्या ओळीचा मधला भाग, उजवा भाग, सगळं अक्षरावर अक्षर बिनचूक बसलं होतं. हे पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी तो सांगेल. मी तर तेच शिकवते.

पंधरा दिवसांनी तुझा फोन आला. माझे ठिपके कधी दाखवतेस? मी सोडतेय का अक्षरं? मी म्हणाले, छान आलीय नोंद, सवडीनं दाखवते. हे पहिलं खोटं. तुझी नोंद काढून टाकली हे सांगायची लाज वाटली, एवढंच त्याचं कारण. तेव्हा त्यात दुसरं काहीही नव्हतं.

त्याच दिवसांतला तो रविवार. कुंभारीला मावशींनी जेवायला बोलावलं होतं. तुमच्याकडे शेंगाची चटणी म्हणजे ताटाचा मान. मावशी खलबत्त्यात कुटायच्या, तेल सुटेपर्यंत. ताटात ती नेहमीच्या जागी, डावीकडे, मिठाच्या खाली. तू भाजीशी भाकरी संपवलीस आणि चटणीला हात लावला नाहीस. मावशी बघत होत्या. मागच्या खेपेलाही तशीच ठेवली होतीस म्हणे.

"हिला आता माझी चटणी बी नगं झाली," त्या मला म्हणाल्या.

मी म्हणाले, "तैवानची जीभ झालीय तिची, मावशी."

तू मान वर केलीस. "वाढलीस कुटं तू? चटणी हाय कुटं?"

मावशींना वाटलं, तू टोमणा मारतेस, कमी वाढली म्हणून. त्यांनी अजून एक चमचा वाढली. तिथेच, डावीकडे, आधीच्या ढिगावर. तू म्हणालीस, "आता कशाला वाढतीस, झालं माझं." मावशी मोरीकडे निघून गेल्या. त्यांना लागलं ते आपल्या दोघींनाही कळलं. तू बाहेर येऊन मला म्हणालीस, आई अलीकडे लई मनाला लावून घेती. मी म्हणाले, वय झालं. आपण दोघी शिकलेल्या बायका, पाच मिनिटं मावशींच्या स्वभावावर बोलत उभ्या होतो.

डिसेंबरात सात रस्त्याजवळ तुझी स्कूटी हातगाडीला घासली. डाव्या बाजूनं. तू मला फोनवर म्हणालीस, ती गाडी कुठून आली कळलंच नाही, अंधार नव्हता, काही नव्हतं. गुडघा सुजला म्हणून दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं गुडघा बघून झाल्यावर सहज तुझ्या डोळ्यांसमोर एक-एक बोट हलवलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडचं बोट तुला दिसलं नाही. त्यानं परत हलवलं. मी तुझ्यामागे उभी होते आणि मला ते बोट स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत मेंदूचा फोटो हातात आला. उजव्या बाजूला, मागे, गाठ. डॉक्टरांनी समजावलं की असं झालं की माणसाला त्या बाजूला अंधार दिसत नाही. तिथे काही आहे असंच वाटत नाही. म्हणून तक्रारही करत नाही. तू ऐकत होतीस आणि पिशवीच्या बंदाशी खेळत होतीस. मी घरी आले, लॅपटॉप उघडला आणि तुझी वगळलेली नोंद काढली. दहा सेकंद लागले. त्यानंतर मला फारसं काही वाटेनासं झालं, ते अजूनपर्यंत तसंच आहे.

नोंद आणि तो फोटो यांच्यामध्ये दहा आठवडे होते. मी डॉक्टरांना विचारलं, एकटीनं जाऊन. दहा आठवडे आधी कळलं असतं तर? ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, या जातीच्या गाठीत फार फरक पडला नसता. मी त्यांचे आभार मानले आणि जिना उतरताना त्यातला 'फार' हा शब्द घेऊन खाली आले. तो अजून माझ्याकडेच आहे.

आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "एका अंगाला वळत हुती का गं ती?" मी म्हणाले, का? "आपल्या मेंढीला न्हवतं का झालं, तू ल्हान असताना? डोस्क्यात पाण्याची गाठ. एका अंगानं फिरती, दुसऱ्या अंगाचं दिसत न्हाई तिला. चाऱ्याची पाटी अर्धी ठिवती." ती मेंढी मला आठवते. पाटीतला अर्धा चारा तसाच ठेवायची, आणि पाटी फिरवली की उरलेला खायची. ती पाटी फिरवायचं काम माझं होतं. सात-आठ वर्षांची होते.

दुसऱ्यांदा तू ठिपके मागितलेस ते ऑपरेशननंतर. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला, आणि डोळ्यांना काजळ नाही. तू इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलंस, "शाले, माझे ठिपके दाखव की." लॅपटॉप माझ्या पायाशी पिशवीत होता. मी म्हणाले, कॉलेजात राहिलाय. तू डोळे मिटलेस. तुला संशय आला होता का? मला वाटतं आला होता. तू वाचणारी बाई. पण तू कधी बोलली नाहीस आणि मी तुझ्या न बोलण्याचा आडोसा घेतला.

घरी आणल्यावर मावशींनी सगळं तुझ्या उजवीकडे आणलं. तांब्या, मोबाईल, गोळ्या, खिडकीकडचा पंखा. ताटातली चटणी सुद्धा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगायची, असं करू नका मावशी, वस्तू डावीकडे ठेवा, म्हणजे मान वळवून शोधायची सवय लागेल. मावशी तिला चहा द्यायच्या आणि तिची पाठ वळली की सगळं परत उजवीकडे. "जेवताना बी परीक्षा द्यायची व्हय माझ्या लेकरानं?" त्या ताट ठेवायच्या आणि चटणीच्या बाजूला दोन बोटांनी टकटक करायच्या. "हिकडं हाय बाळा. हिकडं." तू चटणी खायला लागलीस. पहिल्या दिवशी मावशी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी माझ्या परीनं शहाणपणा केला. तुझ्या पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग ओळ सुरू. तू बोटानं पट्टी उचकटलीस. "माझं पुस्तक उजवीकडून सुरू होतं, बाई. प्रबंध लिहिलास ना तू?" हसता हसता तुला ठसका लागला. पण उभ्या मजकुरात पुढची ओळ डावीकडे असते आणि तीच तुला सापडत नव्हती. एक ओळ वाचून संपली की तू थांबून राहायचीस, पुस्तक संपल्यासारखी. मी बोट ठेवायचे, तू वाचायचीस. दोनाची एक ओळ झाली. मग तीही मी वाचून दाखवू का म्हटलं तर म्हणालीस, तुझे उच्चार मेंढरं हाकल्यासारखे आहेत.

त्या सकाळी चांगल्या होत्या. हे लिहिताना मला स्वतःचीच चीड येते, पण होत्या. कॉलेजची रजा, कुंभारीची ती लहान खोली, मावशी दारात सूप घेऊन विड्या वळताहेत, सुपाकडे न बघता आपल्याकडे बघत, आणि तू एकेका अक्षरावर माझ्याशी वाद घालतेस. इतका वेळ तू मला एरवी कधी दिला नसतास.

तिसऱ्यांदा मागितलेस ते जाण्याच्या महिनाभर आधी. आवाज बारीक झाला होता. मी आधीपासून उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणाले, फाईल खराब झाली गं, उघडतच नाही.

तू म्हणालीस, "असू दे." मग थोड्या वेळानं, "मग तुझ्या प्रबंधात मी न्हाईच की."

"आहेस की. आभाराच्या पानावर."

तू हसलीस. मला हात दे म्हणालीस. मी डाव्या बाजूला बसले होते, हे लक्षात आल्यावर उठून दुसऱ्या बाजूला गेले. तोपर्यंत तुला डुलकी लागली होती.

काय भीती होती मला? तू रागावशील याची नव्हती. तू माफ करशील याची होती. तू एका वाक्यात मोडीत काढलं असतंस सगळं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. आता ऐकायचंय तर तू नाहीस. हे सरळ सांगितलेलं बरं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी ती नोंद पहिल्यांदा नीट वाचली. ओळ न ओळ, ठिपका न ठिपका, जसं मी पुण्याच्या मुलांचं वाचलं होतं. ओळींच्या मधली नेहमीची अक्षरं तू ओलांडलीस, विशाखा. सगळ्यांसारखीच, ऐटीत. ते मी तुला पुराव्यासकट सांगितलं असतं आणि आपलं भांडण पुढची दोन वर्षं चाललं असतं. पण ओळीचं पहिलं अक्षर तू एकदाही सोडलेलं नाहीस. दिसत नव्हतं तरी. तुला वाटत होतं आपण सुरुवातीला आलोय, पण वाक्य लागत नव्हतं, म्हणून तू मागे, अजून मागे, अजून मागे जात राहिलीस, पहिलं अक्षर हाताला लागेपर्यंत. कुणी सांगितलेलं नसताना. एवढं तुझं कबूल करते. वगळलेल्या नोंदींच्या तक्त्यात तुझ्या क्रमांकापुढचं कारण मी बदललं. आता तिथे लिहिलंय, 'वाचकाला डावीकडचं दिसत नव्हतं. नोंद बिनचूक.' मार्गदर्शक विचारतील तेव्हा सांगेन.

रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, माणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली, तुझ्याबद्दल चांगलं बोलली. दोन कारखान्यांतली माणसंही आली होती. मी पिशवीत तुझा कागद घेऊन गेले होते. माणसं पांगल्यावर मावशींपुढे ठेवला. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी चष्मा लावला तरी.

"हे काय गं?"

"विशाखाचे डोळे वाचताना कुठे कुठे थांबले, ते आहे."

त्यांनी तर्जनी एकेका ठिपक्यावरून चालवली. तंबाखूनं पिवळं झालेलं ते बोट उजवीकडून मध्यावर आलं आणि मग लहान लहान पावलांनी डावीकडे. "हितनं हिकडं अशी चालत चालत का आली?"

"तिथली सुरुवात दिसत नव्हती तिला. शोधत होती."

"घावली का?"

"घावली. दर ओळीला."

मावशी बोट तिथेच ठेवून बसल्या. मग मी सांगितलं. हा कागद गाठ सापडायच्या दहा आठवडे आधीपासून माझ्याकडे होता, मी तो बघितला होता, यंत्राची चूक समजून बाजूला टाकला, आणि तिनं तीनदा मागितला तेव्हा खोटं बोलले. एका दमात सांगितलं, कुठेही न थांबता.

मावशींनी कागदाची घडी केली. मग म्हणाल्या, "चटणी तर माझ्या म्होरं हुती, पोरी. म्या बी बघितली की. दोनदा." कागद त्यांनी ब्लाऊजमध्ये खोचला. "हा राहू दे माझ्याकडं. तू जेवलीस का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी स्वतः उठून ताट वाढलं. दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नाही. भाकरी, वांग्याची भाजी, भात. ताट माझ्यापुढे ठेवून समोर बसल्या. मी सवयीनं आधी डावीकडे बघितलं. मीठ नाही, लिंबू नाही, काही नाही. ताटाची ती बाजू स्वच्छ पुसलेली, मोकळी. मला वाटलं, आज त्या चटणी विसरल्या, आणि मी तशीच बघत राहिले.

मावशींनी ताटाच्या उजव्या कडेला दोन बोटांनी टकटक केलं.

"हिकडं हाय बाळा," त्या म्हणाल्या. "हिकडं."